श्वास की नाडी? : हैदराबादच्या प्रयोगांपासून आजच्या भुलेपर्यंत

१८८९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनचे एक नामांकित वैद्य हैदराबादेस येऊन दाखल झाले. त्यांचे नाव टॉमस लॉडर ब्रंटन. औषधांच्या गुणधर्मांविषयी त्यांचा शब्द त्या काळी प्रमाण मानला जाई. ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांची निवड केली होती आणि त्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले होते. शिकारीसाठी आणि दरबारासाठी परदेशचे पाहुणे बोलाविल्याच्या कथा संस्थानांच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. परंतु एका औषधाविषयीचा वाद मिटावा म्हणून एखाद्या संस्थानिकाने सातासमुद्रांपलीकडून वैद्य आणवावा, ही गोष्ट तेव्हाही विरळाच होती. तो वाद एका वाक्यात सांगता येण्यासारखा आहे. क्लोरोफॉर्म हुंगवून ज्याला बेशुद्ध केले आहे, त्या रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाने लक्ष कशावर ठेवावे? त्याच्या श्वासावर की त्याच्या नाडीवर?

प्रश्न लहान दिसतो. पण त्यापायी माणसे दगावत होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरच्या गुंगीत वेदनारहित शस्त्रक्रिया जाहीरपणे करून दाखविण्यात आली आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला. क्लोरोफॉर्मला ईथरपेक्षा अनेक सोयी होत्या. त्याचा वास गोडसर. त्याने गुंगी लवकर येई. त्याला यंत्र लागत नसे, घडी केलेला रुमाल पुरे. आणि दिव्याजवळ ठेवले तरी ते ईथरसारखे भडकत नसे. हिंदुस्थानसारख्या उष्ण देशात तर ईथर पस्तीस अंशांच्या आसपास उकळू लागते, त्यामुळे बाटली उघडताच ते उडून जाई. इकडच्या रुग्णालयांतून क्लोरोफॉर्मने घर केले ते या कारणाने. परंतु सिम्प्सन यांच्या शोधाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच, काही मिनिटांत मरण पावली. शस्त्रक्रिया किरकोळ, मुलगी तरुण, औषधाची मात्राही मोठी नव्हे. मग मृत्यू कशाने आला?

या प्रश्नावर विलायतेतील वैद्यांचे दोन तट पडले. एडिनबरोचे थोर शल्यविशारद जेम्स साइम यांचा दंडक असा होता, की श्वासाकडे पाहावे, नाडीला हातही लावू नये. श्वास नीट चालला आहे तोवर हृदयाला धोका नाही, आणि श्वास बिघडला तर हृदय थांबण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. लंडनच्या वैद्यांना हे पटत नव्हते. पुष्कळ रोग्यांची नाडी श्वास चालू असतानाच एकाएकी बंद पडल्याचे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून एक बोट नाडीवर असलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. हा तंटा चाळीस वर्षे धुमसत राहिला. या चाळीस वर्षांत समित्या बसल्या, अहवाल निघाले, आणि ग्लासगोच्या एका समितीने तर क्लोरोफॉर्म हृदयाचे बळ कमी करते असा स्पष्ट निर्वाळाही दिला.

साइम यांच्या हाताखाली तयार झालेले एक शिष्य, एडवर्ड लॉरी, १८८५ साली हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. तेथील वैद्यकशाळेची सूत्रेही त्यांच्याकडे आली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो १९४८ पर्यंत तसाच राहिला. त्यामुळे हैदराबादचे रुग्णालय हे एका परक्या शहरातील रुग्णालय नसून गोदाकाठच्या मराठी माणसाच्या राजधानीचे रुग्णालय होते. लॉरी गुरूच्या वचनाला घट्ट चिकटलेले होते. हजारो रोग्यांना आपण याच पद्धतीने क्लोरोफॉर्म दिला आणि मृत्यू ओढवला नाही, असे ते अभिमानाने सांगत. त्यांच्या शिष्यवर्गात रूपाबाई फर्दूनजी या पारशी विद्यार्थिनी होत्या. १८८९ साली हैदराबादच्या वैद्यकशाळेतून शिक्षण पुरे करून त्यांनी भूल देण्याचे काम पत्करले. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. काही अभ्यासक तर त्यांनाच पहिला मान देतात. ज्या काळी स्त्रीने वैद्यक शिकावे की नाही यावरच वाद चालू होते, त्या काळी रोग्याचा श्वास एका स्त्रीच्या स्वाधीन करण्यात हैदराबादला संकोच वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८८८ साली लॉरी यांच्या प्रेरणेने पहिली हैदराबाद क्लोरोफॉर्म समिती नेमली गेली. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. ‘लॅन्सेट’ने या निष्कर्षावर अविश्वास दाखविला. विलायतेतील मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जे दिसले नाही, ते दक्षिणेतील एका संस्थानात कसे दिसले, असा त्या अविश्वासाचा सूर होता. तेव्हा निजामांनी पैसे देऊ केले आणि ब्रंटन हैदराबादेस आले. दुसऱ्या समितीत लॉरी आणि ब्रंटन यांच्याखेरीज जेरल्ड बॉमफर्ड आणि निजामाच्या सेवेतील डॉ. रुस्तमजी हकीम होते. कुत्रे, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे आणि ससे मिळून चारशेंहून अधिक प्राण्यांवर प्रयोग करण्यात आले. रक्तदाबाची रेषा कागदावर उमटविणारी यंत्रे लावून प्रत्येक प्राण्याचा श्वास केव्हा थांबला आणि हृदय केव्हा, याची नोंद झाली. ब्रंटन लंडनहून निघाले तेव्हा हृदय आधी बंद पडू शकते असे मानीत होते. हैदराबादचे पुरावे पाहून त्यांनी आपले मत बदलले आणि तसे तारेने लंडनला कळविले. समितीचा निर्णय निःसंदिग्ध होता : क्लोरोफॉर्मपासूनचा धोका श्वासाच्या वाटेने येतो, हृदयावर त्याचा थेट घाव नाही, म्हणून देणाऱ्याने श्वासावर नजर ठेवावी आणि नाडीत मन गुंतवू नये.

लॉरी यांचा हा विजय होता. परंतु तो टिकला नाही. हैदराबादचा अहवाल छापून निघाल्यावरही रुग्णालयांतून क्लोरोफॉर्मचे मृत्यू घडतच राहिले, आणि नाडी आधी गेली असे सांगणारे वैद्य काही खोटे बोलत नव्हते. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी निराळ्या युक्तीचे प्रयोग करून क्लोरोफॉर्म हृदयावर थेट परिणाम करते असे दाखविले. अखेर १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत त्या गूढ मृत्यूंचे मूळ शोधून काढले. त्यांना आढळले की खोल गुंगीत नव्हे, तर अर्धवट, हलक्या गुंगीत क्लोरोफॉर्म हृदयाला अतिशय हळवे करते. अशा वेळी भीतीने वा धडपडीने शरीरात अॅड्रेनलिन उसळले, की हृदयाचे ठोके एकाएकी विस्कटतात, हृदय नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे ढकलण्याचे काम थांबते. हॅना ग्रीनरसारख्या घाबरलेल्या रोग्यांचे, शस्त्रक्रियेच्या आरंभीच होणारे मृत्यू यातून उलगडतात.

मग हैदराबादचे शेकडो प्रयोग खोटे होते काय? मुळीच नव्हेत. त्या प्राण्यांना प्रायः सावकाश, श्वास थांबेपर्यंत क्लोरोफॉर्म देण्यात आला होता. आणि तशा रीतीने दिले असता श्वास खरोखरच आधी थांबतो. चूक उत्तरात नव्हती. प्रश्नाच्या मापात होती. खोल गुंगीविषयी मिळालेले उत्तर हलक्या गुंगीलाही लागू केले गेले. जे प्रयोगाने विचारलेच नाही, ते प्रयोगाला दिसत नाही. हैदराबादच्या कथेचे हे पहिले तात्पर्य, आणि भूलशास्त्राच्या पुढच्या वाटचालीत ते पुन्हा पुन्हा सामोरे आले.

वस्तुतः क्लोरोफॉर्मची खरी अडचण याहूनही मूलभूत होती. शस्त्रक्रियेसाठी तीन गोष्टी लागतात : रोग्याची शुद्ध हरपली पाहिजे, त्याला वेदना जाणवता कामा नये, आणि त्याचे स्नायू सैल पडले पाहिजेत. क्लोरोफॉर्म वा ईथर यांच्याकडून ही तिन्ही कामे एकट्याने करून घ्यावी लागत. शुद्ध थोड्या मात्रेत जाई. पण पोटाचे वा जबड्याचे स्नायू सैल पडावेत म्हणून इतके औषध द्यावे लागे, की रोगी मृत्यूच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचे. स्नायू सैल करण्याचे काम एखाद्या वेगळ्या औषधावर सोपविता आले, तर उंबरठ्यापर्यंत जाण्याचे कारणच उरणार नव्हते.

असे औषध दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासी शिकाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होते. ते बाणांच्या टोकांना क्यूरारी नावाचे वनस्पतिविष लावीत. बाण लागलेला प्राणी तडफडत नसे. तो लुळा पडे आणि श्वास बंद होऊन मरे. १८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटरटन यांच्या पुढाकाराने एक विलक्षण प्रयोग झाला. एका गाढवीला हे विष दिले, ती निश्चेष्ट पडली. मग तिच्या श्वासनलिकेत छेद घेऊन लोहाराच्या असतो तशा भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरीत राहिले. काही वेळाने विषाचा अंमल उतरला, गाढवी उठून उभी राहिली आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे जगली. विषाने तिचे हृदय मारले नव्हते, मेंदू मारला नव्हता. फक्त तिचा श्वास काढून घेतला होता, आणि तो भात्याने परत दिला. आजच्या भूलशास्त्राचा अर्धा ग्रंथ या एका प्रयोगात सामावलेला आहे.

विष नेमके कोठे काम करते, ते पुढे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी दाखविले. मज्जातंतू जेथे स्नायूला भेटतो, त्या सांध्यावर त्याचा अंमल होतो. मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते. ते स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते, आणि मगच स्नायू आकुंचन पावतो. क्यूरारी ही जागा अडविते. पंगतीत एखाद्याच्या पाटावर दुसराच कोणी येऊन बसावा, स्वतः जेवू नये आणि पाहुण्यालाही बसू देऊ नये, तसा हा प्रकार आहे. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शुद्ध केलेले क्यूरारी शस्त्रक्रियेच्या वेळी प्रथम वापरले, आणि शल्यकर्माचा एक नवा कालखंड सुरू झाला.

परंतु या औषधात एक भयंकर फसवणूक दडलेली होती. ते स्नायूंना झोपविते, माणसाला नव्हे. अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञांनी स्वतःवर प्रयोग करवून घेतला आणि त्याचा वृत्तांत १९४७ साली प्रसिद्ध झाला. क्यूरारीने त्यांचे सर्व अंग लुळे पडले, श्वासही दुसऱ्यांना चालवावा लागला. पण आजूबाजूला चाललेले सर्व काही त्यांना ऐकू येत होते, जाणवत होते आणि नंतर आठवलेही. म्हणजे स्नायू सैल करणारे औषध एकटे देणे हे वेदनेला वाचा नाकारण्यासारखेच आहे. त्यासोबत गुंगीचे औषध दिलेच पाहिजे.

१९५४ साली अमेरिकेतील बीचर आणि टॉड यांनी दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लाख भुलांचा हिशेब प्रसिद्ध केला. स्नायू सैल करणारी औषधे न दिलेल्या रोग्यांत भुलेमुळे झालेले मृत्यू दोन हजार शंभरांत एक होते. दिलेल्यांत तीनशे सत्तरांत एक. या औषधांतच काही गूढ विषारीपणा आहे, असा तर्क त्यांनी मांडला. पुष्कळांना तो मान्य झाला नाही. औषधाचा अंमल पुरता उतरला आहे की नाही हे न पाहता रोग्याला त्याच्या दुबळ्या श्वासावर सोडून दिले जाते, दोष तेथे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काळाने त्यांची बाजू उचलून धरली. रोग्याचा श्वास आपण हातात घेतला, की तो परत करीपर्यंत हात सोडायचा नसतो. नाडीच्या बाबतीत लॉरी यांचा आग्रह चुकीचा ठरला; पण श्वासाच्या बाबतीत ते जे सांगत होते, ते या नव्या औषधांनी अधिकच खरे करून दाखविले.

ही जबाबदारी सर्वांत कठीण होते ती श्वासमार्गाची तपासणी करताना. शेंगदाणा खाता खाता हसलेले मूल, किंवा सीताफळाची बी गिळताना ठसकलेले मूल, दोन दिवस खोकत राहते आणि मग त्याच्या एका फुप्फुसात हवा जात नाही असे आढळते. अशा वेळी स्वरयंत्रातून सरळ नळी आत घालून ती वस्तू काढावी लागते. १८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड असेच काढले होते. दुर्बिणीने श्वासनलिका पाहण्याच्या विद्येचा तो आरंभ होय. पोटाच्या शस्त्रक्रियेत शल्यवैद्य पोटाशी असतो आणि भूल देणारा तोंडाशी. येथे मात्र दोघांनाही एकाच अरुंद वाटेने जायचे असते. एकाला पाहण्यासाठी, दुसऱ्याला श्वास पोहोचविण्यासाठी. नळी आत असताना रोगी खोकला वा त्याच्या स्वररज्जू मिटल्या, तर इजा होते. म्हणून जबडा सैल हवा, स्वररज्जू स्थिर हव्यात. आणि काम काही मिनिटांचेच असल्याने श्वासही चटकन परत यायला हवा. १९६७ साली अमेरिकेच्या सँडर्स यांनी नळीच्या तोंडाशी बारीक सुई लावून दाबाखालचा वायू झोताने आत सोडण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे पाहणे आणि श्वास देणे एकाच वेळी शक्य झाले.

अशा कामासाठी कोणते औषध उत्तम? गेली सत्तर वर्षे हा प्रश्न विचारला जात आहे, आणि पहिले नाव येते ते सक्सिनिलकोलीनचे. याचाही इतिहास हैदराबादच्या समितीची आठवण करून देतो. १९०६ साली अमेरिकेत रीड हंट आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे द्रव्य प्राण्यांवर तपासले होते. परंतु त्यांचे लक्ष रक्तदाबावर होते, आणि प्राण्यांना त्यांनी आधीच क्यूरारी देऊन लुळे केले होते. त्यामुळे हे द्रव्य स्वतःच स्नायू लुळे करते, हे त्यांना दिसूच शकले नाही. ती गोष्ट १९४९ साली रोम येथे दानिएल बोव्हे यांनी उघड केली. १९५७ साली नोबेल पारितोषिकाने गौरविले गेलेल्या त्यांच्या कार्यात स्नायुशिथिलक औषधांचा मोठा वाटा होता.

सक्सिनिलकोलीन हे जणू अॅसिटिलकोलीनचे दोन कण जोडून बनलेले आहे. पंगतीच्या उपमेत सांगायचे, तर हा पाहुणा पाटावर बसतो, जेवतोही, पण लवकर उठत नाही. म्हणून स्नायू आधी फुरफुरतात आणि मग सैल पडतात. सुमारे एका मिनिटात अंमल चढतो आणि पाच ते दहा मिनिटांत उतरतो. श्वासमार्गाच्या लहानशा तपासणीला याहून सोयीचे काय असणार? पण त्याची किंमतही आहे. दुसऱ्या दिवशी अंग दुखते. रक्तातील पोटॅशियम वाढते, आणि भाजलेल्या वा अर्धांग झालेल्या रोग्यात ही वाढ हृदय थांबविण्याइतकी होऊ शकते. मुलांना दुसरी मात्रा दिली असता नाडी एकाएकी मंदावते. येथे नाडीवर बोट ठेवणारे लंडनचे वैद्यच बरोबर ठरतात.

दुसरे नाव रोक्युरोनियमचे. १९९४ पासून वापरात आलेले हे औषध क्यूरारीच्या पठडीतले. नुसती जागा अडविणारे. मोठी मात्रा दिली तर तेही मिनिटाभरात काम करते आणि स्वरयंत्रात नळी घालण्यास सक्सिनिलकोलीनच्या तोडीची स्थिती आणते. पण मग अंमल तासभर वा अधिक राहतो. पाच मिनिटांच्या कामासाठी तासभराचे लुळेपण पत्करावे लागे. २००८ साली युरोपात मान्यता मिळालेल्या सुगामाडेक्सने ही अडचण पुष्कळशी दूर केली. साखरेच्या कणांचे कडे असलेले हे औषध रक्तातील रोक्युरोनियमला आपल्या पोटात घेऊन बंदिस्त करते, आणि स्नायूंचे बळ काही मिनिटांत परत येते. क्वचित त्याचीही तीव्र प्रतिक्रिया उमटते. त्यामुळे ते बिनधोक आहे असे नव्हे. तिसरे अॅट्राक्युरियम. हे शरीराच्या उष्णतेत आणि रक्ताच्या नैसर्गिक गुणधर्मांमुळे मुख्यतः आपोआप विघटित होते, म्हणून यकृत वा मूत्रपिंड बिघडलेल्यांना ते सोयीचे. चौथे मिव्हाक्युरियम, त्याचा अंमल थोडा वेळच टिकतो. आणि पाचवा पर्याय म्हणजे असले औषध न देणे. स्वररज्जू हलतात की नाही हेच जेव्हा पाहायचे असते, तेव्हा त्यांना लुळे करून काय दिसणार? तेथे रोग्याला गुंगीत ठेवून त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवावा लागतो.

एवढ्यावरून दिसेल, की कोणते औषध उत्तम हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठी, किती वेळ, आणि काय पाहण्यासाठी, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तरच नाही. आणि या ‘कोणासाठी’चा सर्वांत बोलका दाखला पुन्हा हैदराबादच्याच परिसरात सापडतो.

सक्सिनिलकोलीनचा अंमल झपाट्याने उतरतो याचे कारण, रक्तात असलेले एक एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकते. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच नसते वा दुबळे असते. एरवीच्या आयुष्यात त्यांना याने काडीचाही त्रास होत नाही. हा रोगही नव्हे. परंतु सक्सिनिलकोलीन किंवा मिव्हाक्युरियम दिले, तर इतरांना मिनिटांत परत येणारा श्वास त्यांना कित्येक तास परत येत नाही. हा गुण आनुवंशिक आहे. टोरांटोच्या व्हर्नर कालो यांनी तो ओळखण्याची रक्तपरीक्षा १९५७ साली सांगितली. बहुतेक समाजांत असे लोक हजारांत एखादे. पण आंध्र आणि तेलंगणातील आर्यवैश्य समाजात हे प्रमाण फार मोठे आहे, हे तिकडच्या वैद्यांच्या ध्यानात आले. २००६ साली या समाजातील त्या दोषाचे नेमके आनुवंशिक कारण प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज यांनी परदेशी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने २०१७ साली दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ८१ समूह असे आढळले, की ते पिढ्यान्पिढ्या थोड्याशा पूर्वजांपासून वाढत आले आणि आपसांतच लग्नसंबंध करीत राहिले. आर्यवैश्यांचा त्यांत अंतर्भाव आहे. अशा समूहात एखाद्या पूर्वजाचा लहानसा गुण हजारो घरांत पोहोचतो. या समाजाची घरे नांदेडसारख्या मराठवाड्याच्या सीमाभागातही आहेत.

तिकडचे जाणते भूलतज्ज्ञ म्हणून शस्त्रक्रियेआधी रोग्याला त्याचे कुळ विचारतात. हा प्रश्न कानाला विचित्र वाटतो, कोणाला त्यात जातीची विचारपूसही दिसेल. पण तो विचारण्यामागचा हेतू रोग्याचा श्वास वेळेवर परत यावा एवढाच असतो. औषध उतरले नाही, तरी रोगी मरायला हवा असे नाही. त्याला गुंगीत ठेवून, यंत्राने वा हातातल्या पिशवीने तासन्‌तास श्वास देत राहिले, की औषध आपोआप ओसरते आणि तो सुखरूप उठतो. वॉटरटन यांची गाढवी उठली, तशीच. मात्र त्या तासांत उशाशी बसणाऱ्याने कंटाळता कामा नये. आणि ज्याच्या घरी कोणी भुलेनंतर फार उशिरा शुद्धीवर वा श्वासावर आले असेल, त्याने ती हकिगत पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वैद्याला न विसरता सांगावी. घरातली एक जुनी आठवण अशा प्रसंगी रक्तपरीक्षेइतकी मोलाची ठरते.

लॉरी यांच्या काळचे ते अफझलगंजचे रुग्णालय १९०८ सालच्या मुसी नदीच्या पुरात गेले. त्याच नदीच्या काठी पुढे उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. क्लोरोफॉर्म विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागे पडत गेला आणि अखेर भूलशास्त्रातून नाहीसा झाला. ज्या वादासाठी चारशेंहून अधिक मुक्या प्राण्यांनी जीव दिला, तो वादही आता कोणी घालीत नाही. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलेल्या तत्त्वावर बनलेला एक लहानसा चिमटा आता शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या बोटाला लावतात. साथीच्या दिवसांत तो घरोघरीही पोहोचला. बोटाच्या टोकाशी उमटणाऱ्या नाडीच्या प्रत्येक ठोक्यावरून तो रक्तात प्राणवायू किती आहे हे सांगतो. लंडनचे वैद्य नाडीवर बोट ठेवा म्हणत होते; हैदराबादचे लॉरी श्वास पाहा म्हणत होते. त्या चिमट्यात दोघांचेही म्हणणे एकत्र आले आहे. पण चिमटा नुसता आकडा दाखवितो. तो आकडा उतरू लागला म्हणजे उठून भाता हाती घेणारा माणूस जवळ असावाच लागतो.